खाणींवर लेख लिहितेय, ठाम पण न्याय्य कसा होईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. गावच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी इथल्या लोहखनिजाच्या खाणींवर लिहितेय. माझं मत पक्कं आहे: आधी शेतीची आणि पाण्याची हमी, मगच खाण. पण अंक वाचणाऱ्या कितीतरी घरांच्या दारात एकेकाळी खनिज वाहणारा ट्रक उभा असायचा. त्यांनी पहिल्याच परिच्छेदाला अंक मिटला, तर लिहून काय उपयोग?

2012 मध्ये खाणी बंद झाल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. 7 फेब्रुवारी 2018 ला 88 लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. इथवर वाद नाही.

खाणमालकांच्या हावेवर लिहिणं सोपं आहे. पण ट्रकवाल्याने कर्ज काढून गाडी घेतली. लीज कायदेशीर आहे का, हे तपासणं त्याचं काम नव्हतं. त्याची बाजू मी अशी मांडलीय: ‘नियम मोडले लीजधारकांनी, डोळेझाक केली सरकारने, आणि हप्ते थकले आमचे.’ ही बाजू माझ्या मुद्द्यांआधी घेऊ की नंतर?

दुसरं, माझा सगळ्यात जवळचा पुरावा आमचं शेत. पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्याची, माती वाहून येते, चिकट लाल थर बसतो, सुकला की भेगाळतो आणि त्यात भात रुजत नाही. एवढ्यावर लेख उभा राहील का?

प्रतिसाद:
ताई, त्यांची बाजू आधीच घ्या. तो परिच्छेद एखाद्या ट्रकमालकाला वाचून दाखवा. ‘हेच आमचं म्हणणं’ असं तो म्हणाला, तरच छापा.

शेत जरूर लिहा, पण एका शेतावरून अख्खा तालुका नापीक ठरवू नका. शेजारच्या चार शेतकऱ्यांशी बोला, त्यातल्या एखाद्याचं शेत शाबूत असेल तर तेही लिहा. आणि 2018 चा निकाल शेतीच्या नुकसानीचा पुरावा म्हणून वापरू नका. नूतनीकरण चालणार नाही, नव्याने लीज आणि नवा पर्यावरण दाखला हवा, असा त्याचा गाभा होता. वाचणारे तुम्हाला तिथेच पकडतील.

‘हमी’ मात्र फार मोघम राहिलीय. डंपला संरक्षक भिंत कोण बांधणार, शेतातला गाळ कुणाच्या खर्चाने आणि कधीपर्यंत निघणार, विहीर आटली तर पाणी कोण देणार, हे नेमकं मागा. अशा मागणीवर ट्रकवालाही सही करेल.