शेजारच्या आजींचं मीठ कमी करायचंय: लेबल कसं वाचू आणि मदत कशी करू?

मुक्ता_व (प्रश्न)

शेजारच्या आजी ७४ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी आता मीठ कमी करायला बजावलंय. स्वयंपाक त्या स्वतःच करतात, पण अंगात त्राण नसेल त्या दिवशी पाकिटातलं सूप, ब्रेड, खारी बिस्किटं यावर भागवतात.

माझी अडचण अशी की पाकिटावर मीठ कुठे लिहिलेलंच नसतं, 'सोडियम' असतं. तेही कधी १०० ग्रॅमला, कधी 'एका सर्व्हिंगला'. दोन-तीन लेख वाचले, वाचताना सगळं कळलं, दोन दिवसांनी आकडे डोक्यातून गेले. शिवाय आजी मानी आहेत. 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' सुरू केलं तर उद्यापासून दारच उघडणार नाहीत. सुरुवात कुठून करू?

कणाकणाने

आकड्यांपासून करा, आकडे थोडेच आहेत. प्रौढ माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमच्या आत, म्हणजे ५ ग्रॅम मिठाच्या आत. चहाच्या एका सपाट चमच्यात जेमतेम मावतं तेवढं. स्वयंपाकातलं, पाकिटातलं, ताटात वरून घेतलेलं, सगळं यातच. डॉक्टरांनी आजींना वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा.

सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. त्याहून सोपं: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. एवढं एक पाठ असलं तरी दुकानात उभ्या उभ्या हिशेब होतो.

फसगत होते ती सर्व्हिंगमध्ये. समजा सुपाचं पाकीट ६० ग्रॅमचं आहे, वर लिहिलंय 'चार सर्व्हिंग', आणि तक्त्यात १०० ग्रॅम पावडरीला ४००० मिलिग्रॅम सोडियम आहे. एका सर्व्हिंगची पावडर १५ ग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅम सोडियम, दीड ग्रॅम मीठ. आता आजी रात्रीचं जेवण म्हणून दोन सर्व्हिंग पितात असं धरा. ३ ग्रॅम मीठ एका सुपात गेलं, दिवसाच्या निम्म्याहून जास्त. हेच पाकीट दुसऱ्या कंपनीने 'तयार केल्यावर १०० मिलिलिटरमध्ये' अशा रकान्यात छापलं तर आकडा ३०० च्या आसपास दिसेल, कारण आता त्यात पाणी मोजलंय. सूप तितकंच खारट. म्हणून आधी पाहायचं ते रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय: कोरडी पावडर की तयार पदार्थ, १०० ग्रॅम की सर्व्हिंग.

दोन पाकिटांची तुलना नेहमी १०० ग्रॅमवर करा. पोटात किती गेलं ते मात्र खरोखर खाल्लेल्या वजनावर. १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी सोडियम असेल तर पदार्थ कमी मिठाचा. ६०० च्या वर गेला की तो जास्त मिठाचा धरा, जिभेला काहीही वाटो.

'जिभेला काहीही वाटो' मुद्दाम लिहिलंय. ब्रेड खारट लागत नाही म्हणून तो कुणाच्याच हिशेबात येत नाही. १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅमवाल्या ब्रेडच्या दोन स्लाइस, साधारण ६० ग्रॅम, म्हणजे २७० मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ खाल्ल्या तर ५४० होतात, जवळजवळ दीड ग्रॅम मीठ. खाऱ्या बिस्किटाकडे निदान संशयाने तरी बघतात लोक.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, मीठ कितव्या नंबरवर आहे त्यावरून अंदाज येतो. त्यात सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा), मोनोसोडियम ग्लुटामेट (चव वाढवणारी पूड) अशी नावं दिसतील. तक्त्यात सोडियमचा आकडा दिलेला असेल तर हे सगळं त्यात आलेलंच असतं, वेगळं मिळवू नका. यादीचा उपयोग तक्ता नसेल तेव्हा.

हिरवी_फांदी

एवढी आकडेमोड कशाला? साधं मीठ बंद करून सैंधव किंवा समुद्री मीठ द्यायचं. ते नैसर्गिक असतं.

कणाकणाने

सैंधव असो, समुद्री असो, गुलाबी असो, बहुतांश सोडियम क्लोराइडच. ग्रॅमला ग्रॅम सोडियम जवळपास तेवढंच. जाडं मीठ चमच्यात कमी बसतं म्हणून चमच्याने मोजलं तर फरक वाटतो, वजन केलं की तो जातो. वर तोटा असा की या मिठांत बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं, आणि ते सहज लक्षात येत नाही.

मंद_आच

स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. रोज चिमटी मोजायला जाऊ नका. घरगुती वजनकाट्याचा २-३ ग्रॅमला भरवसा नसतो, आणि म्हाताऱ्या माणसाला रोज वजन करायला लावलं तर ते आठवड्यात बंद पडतं. त्याऐवजी आठवड्याचं मीठ एकदम काढा. पाकिटातल्या पदार्थांतून दिवसाला साधारण २ ग्रॅम जातंय असं धरलं तर स्वयंपाकाला ३ ग्रॅम उरतं, सात दिवसांचे २१ ग्रॅम. हे एकदाच नीट तोलून छोट्या बरणीत भरायचं आणि फक्त त्यातूनच वापरायचं. पाहुणा जेवायला आला तर त्याचं मीठ मोठ्या डब्यातून. बरणी पाचव्या दिवशी संपली तर कुठे जास्त पडतंय ते आजींनाच दिसतं, तुम्हाला बोलावं लागत नाही.

पण पहिल्याच आठवड्यात २१ वर आणू नका. आधी एक आठवडा नेहमीसारखं शिजवू द्या आणि बरणीतून किती गेलं ते फक्त बघा. समजा ४५ ग्रॅम गेलं. पुढच्या आठवड्याला ४०, मग ३५, असं उतरत या. जीभ कमी मिठाला सरावते, पण त्याला काही आठवडे लागतात. एकदम निम्मं केलं की जेवण पानात उरतं. या वयात जेवण कमी होणं ही मिठाइतकीच काळजीची गोष्ट आहे: वजन उतरतं, ताकद जाते. म्हणून महिन्यातून एकदा त्यांचं वजन बघा. प्रयत्न न करता उतरत असेल तर मिठाची मोहीम थांबवून डॉक्टरांना सांगा.

चव राखायचे खात्रीचे उपाय तीन. एक, शिजवताना अर्धंच मीठ घाला, उरलेलं अगदी शेवटी वरून भुरभुरा. वरचं मीठ थेट जिभेवर येतं, तेवढ्याच मिठात पदार्थ जास्त खारट लागतो. दोन, आंबटपणा. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर पिळा, आधी घातला तर त्याचा वास उडून जातो. तीन, कांदा-लसूण खरपूस परता आणि मसाले कोरडे भाजून घाला. परतताना घाई केली तर कांदा नुसता शिजतो, तांबूस होत नाही, आणि मग मिठाची उणीव भासते.

डब्यातली शिजवलेली कडधान्यं वापरत असतील तर पाणी ओतून दाणे वाहत्या पाण्याखाली धुवा, सोडियम बरंच कमी होतं. चव फारशी जात नाही.

तुम्ही शिजवून नेणार असाल तर गरम अन्न खोल भांड्यात झाकून निवत ठेवू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. पसरट भांड्यात काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा (५ अंश सेल्सिअस किंवा खाली), खाताना मधोमध वाफा येईपर्यंत गरम करायला सांगा. डब्यावर तारीख चिकटवा. एका वेळचं एका डब्यात. मोठा डबा चारदा गरम-थंड होत राहतो.

उजळणी_पुन्हा

'वाचताना कळलं, दोन दिवसांनी गेलं' याचं कारण स्मरणशक्ती नव्हे, पद्धत. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटणं म्हणजे येणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा फिरून फिरून वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

तुम्हाला लागणाऱ्या गोष्टी दहाच्या वर नाहीत. चिठ्ठ्या करा: पुढे प्रश्न, मागे उत्तर, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. '१ ग्रॅम मीठ म्हणजे किती सोडियम?' ही चांगली चिठ्ठी. 'सोडियमबद्दल माहिती' ही वाईट, कारण उत्तर बरोबर आलं की चूक हेच ठरवता येत नाही. मग तीन खोकी. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. उत्तर बरोबर आलं तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं तर कुठूनही थेट पहिल्यात. ही युक्ती सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२मध्ये मांडली, आणि आजची बरीच उजळणीची ॲप्स त्याच धाटणीवर चालतात. उत्तर उलटून बघण्याआधी मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात 'हां, येतंय' म्हणून चिठ्ठी पुढे सरकवणं हीच नेहमीची चोरी.

दोन चिठ्ठ्यांऐवजी स्वयंपाकघरातलं पाकीट घ्या, सर्व्हिंगचा रकाना हाताने झाका आणि १०० ग्रॅमवरून हिशेब करून मग हात काढा. रोज वेगळं पाकीट. हे चिठ्ठ्यांपेक्षा लवकर अंगवळणी पडतं.

आता आजींचा भाग. आरोग्यसेवेत एक पद्धत वापरतात: सांगून झालं की 'कळलं का?' विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी 'हो' येतं. त्याऐवजी 'मी नीट सांगितलं का बघू, आता हे पाकीट घेतलंत तर काय बघाल?' असं विचारायचं. चूक झालीच तर ती सांगणाऱ्याच्या पदरात जाते, समोरच्याची परीक्षा होत नाही. मानी माणसाशी याहून बरी भाषा मला माहीत नाही. एका भेटीत एकच गोष्ट सांगा. कागदावर लिहायची तर पातळ पेन नको, जाड मार्करने ठसठशीत, आणि कागद मिठाच्या बरणीजवळ लावा. फ्रिजच्या दारावर आधीच दहा गोष्टी असतात.

त्यांच्या कपाटातलं काहीही स्वतःहून फेकू नका. 'सूप कोणतं आवडतं?' विचारून त्याच चवीचं कमी सोडियमचं पाकीट शेजारी ठेवा आणि निवड त्यांच्यावर सोडा.

मुक्ता_व

बरणीची कल्पना त्यांना नक्की पटेल, हिशेब त्यांना आवडतो. अजून एक: दुकानात 'कमी सोडियमचं मीठ' मिळतं. सरळ तेच दिलं तर चालेल का?

गोळी_आणि_पाणी

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि ही नेहमीची सावधगिरीची ओळ म्हणून लिहीत नाहीये. त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मीठ म्हणून ते चांगलं आहे. चीनच्या ग्रामीण भागातल्या सुमारे २१,००० जणांवरच्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण मूत्रपिंड कमकुवत असेल तर पोटॅशियम शरीरात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्याच काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात: नावाच्या शेवटी 'प्रिल' असणाऱ्या (रॅमिप्रिल, एनालाप्रिल), 'सार्टन' असणाऱ्या (टेल्मिसार्टन, लोसार्टन), शिवाय स्पायरोनोलॅक्टोन. आजींच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि नेमकं विचारा, 'या गोळ्यांबरोबर पोटॅशियमचं मीठ चालेल का?' ते बहुधा आधी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतील.

पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्याही बघून घ्या. अंगदुखी-तापावरच्या अशा काही गोळ्यांत एकीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. दिवसाला चार म्हणजे जवळपास ४ ग्रॅम मीठ, आणि स्वयंपाकघरात कितीही शोधलं तरी ते सापडणार नाही. साधी गिळायची गोळी मिळते, औषधाच्या दुकानात तीच मागा.

आणि मीठ उतरायला लागलं की रक्तदाबही उतरू शकतो, गोळ्या मात्र तेवढ्याच असतात. उठताना चक्कर, तोल जाणं, नेहमीपेक्षा जास्त थकवा किंवा गोंधळल्यासारखं होणं दिसलं तर आठवडा वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच लक्ष ठेवा, त्यात रक्तातलं सोडियम फार खाली जाऊ शकतं. गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करायची नाही. रक्तदाब मोजताना पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा. बरणीचा आठवड्याचा आकडा त्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहिलात तर डॉक्टरांनाही एका नजरेत कळेल.