आयएनजी लागलेलं क्रियापद: नाम कधी, विशेषण कधी?

प्रश्न
'ही इज पेंटिंग' आणि 'हिज हॉबी इज पेंटिंग'. दोन्हींत 'इज पेंटिंग'च आहे, पण व्याकरणात एक चालू काळ आणि दुसरा जेरंड (नामासारखं वापरलेलं आयएनजी रूप). दहावीच्या मुलांना पटकन लावता येईल अशी खूण कोणती? आणि 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' का चुकतं?

उत्तर १
वाक्य उलटवून बघा. 'पेंटिंग इज हिज हॉबी' चालतं, म्हणजे तिथे पेंटिंग नाम आहे. 'पेंटिंग इज ही' म्हणता येत नाही, कारण तिथे 'इज' सहायक क्रियापद आहे.

नामाच्या आधी आयएनजी आलं तर विग्रह करा. 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेलं मूल: पार्टिसिपल, म्हणजे विशेषणासारखं वापरलेलं रूप. 'स्लीपिंग बॅग' काही स्वतः झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते: जेरंड. मोठ्याने म्हणायला लावा. 'स्लीपिंग बॅग'मध्ये जोर पहिल्या शब्दावर येतो, 'स्लीपिंग चाइल्ड'मध्ये 'चाइल्ड'वर.

उत्तर २
दुसऱ्या प्रश्नाचं मूळ 'टु'मध्ये आहे. त्याच्यापुढे साधं नाम ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टु द हॉलिडेज' बरोबर आहे, म्हणजे हा 'टु' प्रिपोझिशन (नामाआधी येणारा संबंधदर्शक शब्द). त्याच्यामागून क्रियापद आणायचं तर आयएनजी लावूनच. 'आय वाँट टु द हॉलिडेज' होत नाही, म्हणून तिथे 'टु गो'. आपण मराठीत 'भेटायला उत्सुक' म्हणतो, त्यामुळे हात 'टु मीट'कडेच वळतो.

'युज्ड टु'ची जोडी याच तासाला घ्या. 'आय युज्ड टु लिव्ह अलोन': पूर्वी एकटा राहायचो. 'आय ॲम युज्ड टु लिव्हिंग अलोन': एकटं राहायची सवय आहे. आधी 'ॲम', 'इज', 'आर' दिसलं की मुलांनी थांबून विचार करावा.

उत्तर ३
यात कर्त्याची चूक राहिली, आणि निबंधात तीच जास्त सापडते. 'वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी.' इंग्रजीत सुरुवातीच्या पार्टिसिपलचा कर्ता म्हणजे स्वल्पविरामानंतरचा कर्ता, म्हणून इथे चालत होता तो कुत्रा! 'रस्त्याने चालताना मला कुत्रा चावला' हे मराठी वाक्य मात्र निर्दोष आहे. '-ताना'ला दोन्हीकडे एकच कर्ता लागत नाही. म्हणूनच मुलांना चूक दिसत नाही. त्यांना 'वॉकिंग'चा कर्ता शोधून अधोरेखित करायला सांगा. तो जुळला नाही तर 'ॲज आय वॉज वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी' असं लिहून घ्या.