'विकेंद्रीकरण' झालं, पण कशाचं?

प्रश्न
एक अहवाल मराठीत करते आहे. सरकारी कारभार खालच्या पातळीवर गेला की तिथल्या लोकांचं भलं होतं का, असा विषय. मूळ मजकुरात डीकॉन्सन्ट्रेशन, डेलिगेशन आणि डिव्होल्यूशन हे तीन शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतात आणि मी तिन्ही ठिकाणी 'विकेंद्रीकरण' लिहून मोकळी होते आहे. शिवाय 'एलीट कॅप्चर'ला, म्हणजे सगळ्यांसाठी आलेला लाभ गावातल्या वजनदार लोकांनी बळकावण्याला, एकाने 'अभिजन-ग्रहण' सुचवलं. ते वाचून पंचांगच आठवतं. काय करू?

उत्तर
आधी क्रियापद शोधा. मुख्य कचेरीने आपलाच माणूस लांबच्या शाखेत नेऊन बसवला आणि निर्णय स्वतःकडे ठेवला, तर ती नुसती 'कामाची विभागणी'. दुसऱ्या प्रकारात अधिकार सोपवतात. सरकारी मराठीत 'प्रत्यायोजन' चालतं, पण मला 'सोपवणूक' बरा वाटतो, कारण सोपवलेली वस्तू मालक परत मागू शकतो हे त्यात आपसूक येतं. तिसऱ्यात निवडून आलेल्या संस्थेला कायद्याने अधिकार मिळतात, बऱ्याचदा कर बसवायची मुभाही. तिथे 'अधिकार-हस्तांतरण' लिहा. आणि 'विकेंद्रीकरण' जिथे ठेवाल तिथे त्याच्यामागे षष्ठी हवीच: सत्तेचं, खर्चाचं की नुसत्या कटकटीचं?

आणखी एक उत्तर
थोडं व्याकरण. 'करण' म्हटलं की कर्ता आला, आणि इथे तो कर्ता केंद्रच असतो. म्हणजे ज्याच्या हातून सत्ता जायची, त्याच्याच मर्जीवर हे क्रियापद चालतं! ('केंद्र' शब्द मूळचा ग्रीक. केंट्रॉन म्हणजे टोचणारं टोक, कंपासचा रुतलेला पाय. ज्योतिषाच्या वाटेने तो संस्कृतात आला.) उलट 'स्थानिक स्वराज्य संस्था' या आपल्या रुळलेल्या शब्दात 'स्व' आहे, तिथले लोकच कर्ते. पण कायद्याची भाषा तितकी उदार नाही. 1992च्या 73व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत 29 विषय मांडले. मात्र ते पंचायतींना देण्याबद्दल अनुच्छेद 243-जीच्या इंग्रजी पाठात 'मे' आहे, 'शॅल' नाही. विधानमंडळ देऊ शकेल, देईलच असं नाही. त्या एका 'शकेल'वर किती राज्यांनी वेळ काढला!

प्रश्नकर्ती
षष्ठीचा मुद्दा पटला. अहवालात पुढे एक वाक्य आहे: काम खाली आलं, त्यासाठीचा पैसा वरच राहिला. याला शब्द?

उत्तर
'बिनपैशाची जबाबदारी'. यापेक्षा जड काही नको. तसा 'जबाबदारी'चाही घोळ आहे. मुळात त्यात जबाब आहे, म्हणजे विचारलं तर उत्तर देणं. आज ती ढकलतात, झटकतात, अंगावर घेतात. जबाब कुठल्या कुठे गेला. म्हणून 'अकाउंटेबिलिटी'ला 'उत्तरदायित्व'च ठेवा, कानाला जड असलं तरी.

तिसरं उत्तर
'अभिजन-ग्रहण' खरंच नको. 'बड्या धेंडांचा कब्जा' म्हणा. 'धेंड' शब्दात जो तुच्छभाव आहे, तो 'अभिजन'मध्ये कुठून येणार?

या विषयाची गंमत अशी की दोन्ही बाजूंना दाखले सापडतात. बोलिव्हियात 1994च्या कायद्याने राष्ट्रीय करउत्पन्नाचा 20 टक्के वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात नगरपालिकांना मिळू लागला. त्यानंतर सार्वजनिक गुंतवणूक शिक्षण, पाणी आणि सांडपाण्याकडे वळली, आणि जिथे गरज जास्त तिथे जास्त वळली. पैसा खरोखर हातात आला, म्हणून हे घडलं. इथे 'हस्तांतरण' शोभतं.

युगांडात उलटं. 1991 ते 1995 या काळात शाळांसाठी केंद्राने पाठवलेल्या दरडोई अनुदानापैकी सरासरी 13 टक्केच शाळांपर्यंत पोचलं. बाकीचं बहुतेक वाटेतल्या जिल्हा पातळीवर अडलं. पुढे कुणाला किती पाठवलं ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात झाली आणि शाळांपर्यंत पोचणारा वाटा पुष्कळ वाढला. (श्रेय एकट्या छापील आकड्यांचं का, यावर अभ्यासकांत वाद आहे.) तेव्हा तुमच्या अहवालात 'निधी झिरपला' असं कुठे असेल तर जपून. झिरपणं हा पाण्याचा स्वभाव, गळती हा नळाचा दोष आणि मुरवणं हे माणसाचं काम. शाळांचा पैसा मुरला होता.

प्रश्नकर्ती
'मुरला' घेतला! आता शेवटचं, 'बेनिफिशियरी'ला 'लाभार्थी' ठीक ना?

उत्तर
रुळलाय, वापरा. फक्त विद्यार्थी, परीक्षार्थी यांच्या ओळीत ठेवून बघा. 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा, मागणारा. म्हणजे लाभार्थी अजून रांगेतच आहे. ज्याला खरंच मिळालं, त्याच्यासाठी पाटबंधाऱ्याच्या कागदांत 'लाभधारक' असा शब्द आहे. तुमच्या अहवालातली माणसं रांगेत आहेत की रांगेबाहेर पडली आहेत, ते बघून ठरवा.