मदत हवी आहे: प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपात विचारलं की बोलणीच खातोय, नव्या माणसानं विचारायचं तरी कसं?

खानापूर_०५ (धागाकर्ता)
कुणीतरी लवकर सांगा, सोमवारी डेअरीत प्रोग्रॅम चालू करून दाखवायचंय आणि मी आठ दिवस झालं एकाच जागी अडकलोय. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा एक मोठा इंग्लिश ग्रुप आहे, तिथं तीनदा विचारलो. पहिल्यांदा कुणी बोललंच नाही. दुसऱ्यांदा एकानं लिहिलं आधी शोधून बघ मग विचार, त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं आधी इंग्लिश शीक. तिसऱ्यांदा तर माझी पोस्टच काढून टाकली. मी शिवी दिलो नाही, वाईट बोललो नाही, नावं नीट येत नाहीत एवढंच विचारूलालो. मी मराठी शाळेतला, आता बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या गावात प्रोग्रॅमिंग येणारं कोणच नाही, पावसात लाईट गेली की दोन दोन दिवस नेट नाही, त्यामुळं ग्रुपशिवाय विचारायला जागाच नाही ओ. मग नव्या माणसानं विचारायचं कसं? आणि जमलं तर नावांचं पण सांगा.

लिनक्स_वडगाव
विंडोज आहे ना? तिथंच घोळ आहे. उबुंटू, म्हणजे लिनक्स, टाक, नावांचा प्रश्नच राहणार नाही. मी २०१६ पासून विंडोजला हात लावला नाही आणि मराठी एकदा पण बिघडलेली नाही.

निपाणी_अक्का
कसली नावं, कुठून कुठं येत नाहीत, काहीच लिहिलेलं नाहीस बाळा. त्या ग्रुपात जे टाकलास ते शब्दाला शब्द इथं टाक. मग बोलू.

खानापूर_०५
लिनक्सदादा, कॉम्प्युटर माझा नाही, डेअरीचा आहे, सेक्रेटरीकाका त्यावर रोजचं दूध मांडतात, त्यात मी काय पण घालू शकत नाही. अक्का, मी असं लिहिलो होतो, ‘सर आय हॅव अ डाउट. माय फाईल नॉट ओपनिंग नेम्स नॉट कमिंग करेक्ट. प्लीज गिव्ह कोड. अर्जंट.’ यात काय चुकलं?

टिळकवाडी_जुना
चूक तुझी नाही, भाषेची अडचण आहे, मी पण त्यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो. आपण शाळेत ‘सर, शंका आहे’ म्हणतो आणि त्याचं डाउट करतो, पण बाहेरच्या माणसाला डाउट म्हणजे अविश्वास वाटतो, याला माझ्या सांगण्यावर भरवसा नाही असं. तिथं ‘क्वेश्चन’ लिहायचं. दुसरं, ‘गिव्ह कोड’. मराठीत आपण ‘द्या की जरा’ म्हणतो, त्यातल्या ‘की जरा’मध्ये सगळी विनंती असते, ती इंग्लिशमध्ये जातच नाही, मागं राहतो तो हुकूम, नुसतं प्लीज लावून तो मऊ होत नाही. आणि अर्जंट तुला आहे, समोरचा आपलं ऑफिस करून रात्री फुकट उत्तर द्यायला बसलेला आहे.

हे नियम कालचे नाहीत. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचा कागद निघाला, नेटवर कसं वागावं याचा. सगळं कॅपिटल अक्षरात लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं हे त्यात आहे. आणि एक ओळ आहे ती मी पाठ केली आहे, तिचा अर्थ असा की पाठवताना जपून पाठवा, घेताना मोकळ्या मनानं घ्या.

चिकोडी_एक्स
मग मोकळ्या मनानं घ्यायचं काम कुणाचं, नव्या पोराचं? आधी इंग्लिश शीक म्हणणाऱ्याला हा कागद कुणी दाखवला का? माझं स्पष्ट मत आहे, ज्याला येतं त्यानं जास्त सांभाळून बोलायला पाहिजे कारण त्याच्या हातात आहे. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साईटनं स्वतःच जाहीर लिहिलं की आमच्याकडं बऱ्याच लोकांना आपलेपणा वाटत नाही, त्यात नवीन शिकणारे आणि बायका यांचं नाव घेऊन लिहिलं. त्याच वर्षी वागण्याचे नियम बदलले आणि नवा माणूस असला की त्याच्या प्रश्नाला तशी खूण लागायला लागली, म्हणजे उत्तर देणाऱ्यानं जरा हळू घ्यावं. एवढ्या मोठ्या लोकांना कबूल करावं लागलं तर आपण कशाला सगळं पोराच्या गळ्यात घालतोय.

टिळकवाडी_जुना
मी गळ्यात घातलं नाही हो. इंग्लिश शीक म्हणणारा चुकलाच. पण दिवसाला तोच प्रश्न दहा जणांनी अर्धा अर्धा विचारला की चांगला माणूस पण थकतो. पूर्वी युजनेटवर, म्हणजे नेटवरच्या जुन्या चर्चा-ग्रुपांवर, दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांची नवी पोरं यायची, जुने लोक त्यांना महिनाभर सांभाळून वळण लावायचे. १९९३ नंतर घराघरांतून माणसं यायला लागली आणि तो सप्टेंबर संपलाच नाही असं म्हणतात. शिकवणारे तेवढेच राहिले, शिकणारे हजारपटीनं वाढले. त्यांची चिडचिड कुठून येते ते कळावं म्हणून सांगतोय.

पुणे_रिटर्न
भावा पायथॉनमागं लागू नको, जावा घे. मी हिंडलग्याचा, पुण्यात चार वर्षं होतो, सगळी भरती जावावर होती. बीसीए असशील तर एमसीए बेळगावातच कर, व्हीटीयू विद्यापीठाचं मुख्यालय दारात आहे.

शहापूर_गल्ली
एवढं ग्रुपात जाऊन अपमान करून घ्यायचाच कशाला, एआयला मराठीत विचार, कितीही वेळा विचारलं तरी रागवत नाही. मी सगळं तिथंच विचारतो.

चिकोडी_एक्स
रागवत नाही हे खरं, पण त्याला पण फाईल कसली हे सांगायला लागणारच की. अर्धं सांगितलं तर ते विचारत पण बसत नाही, अंदाजानं काहीतरी ठोकून देतं, आणि नव्या पोराला ते चुकलंय हे कळत नाही.

निपाणी_अक्का
थांबा सगळे जरा. पोराला सोमवारी दाखवायचंय. खानापूर, मला तीनच गोष्टी सांग. एरर येतो की एरर न येता भलतीच अक्षरं दिसतात? एरर येत असेल तर शेवटची ओळ जशीच्या तशी. आणि ती फाईल आली कुठून, कुणी टाईप केली?

खानापूर_०५
लाल लाल लई मोठं येतंय अक्का, मी ते वाचत नव्हतो, भ्या वाटतंय ते बघितलं की. शेवटची ओळ अशी: युनिकोडडीकोडएरर, चारमॅप कोडेक कॅन्ट डीकोड बाइट ०एक्स८डी. मराठी नावांची यादी आहे, मीच गूगल शीटमध्ये भरलो आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाईल, उतरवलो.

कडोलीकर
मिळालं! ही ओळ पहिल्या दिवशी टाकला असतास तर पाच मिनिटांचं काम होतं. बघ काय होतंय. गूगल शीटमधून उतरवलेली सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये असते, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीत. विंडोजवरचा पायथॉन आपण काही सांगितलं नाही तर विंडोजची जुनी पद्धत धरून फाईल वाचतो, सीपी-१२५२, ती युरोपातल्या भाषांसाठी केलेली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं, बाइट म्हणजे साठवलेला एक आकडा, आणि आपला जो पायमोडका हलंत आहे ना, त्याचा शेवटचा बाइट ८डी. सीपी-१२५२ मध्ये ८डीची जागा रिकामी आहे. म्हणजे तुझ्या यादीत पहिलं जोडाक्षर आलं की तिथं पायथॉन थांबतोय. उकाराचं पण तसंच, तो ८१ वर अडकतो. ओपन लिहितोस त्या कंसात फाईलच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन एन्कोडिंग, मग बरोबरचं चिन्ह, मग यूटीएफ-८ लिही, ते अवतरणात. पुढं पायथॉनच्या ३.१५ आवृत्तीपासून हे आपोआप होणार असं ठरलेलं आहे, पण डेअरीच्या कॉम्प्युटरवर तू हातानंच लिही.

परत ती फाईल एक्सेलमध्ये उघडायची असली तर लिहिताना यूटीएफ-८-सिग वापर, नाहीतर एक्सेल मराठीचा कचरा करून दाखवतं.

लिनक्स_वडगाव
हेच म्हणत होतो, लिनक्सवर मुळात यूटीएफ-८ असतं.

निपाणी_अक्का
बरोबर आहे तुमचं, पण कॉम्प्युटर डेअरीचा आहे हे त्यानं वर सांगितलंय.

खानापूर_०५
आलं ओ आलं!! सगळी नावं आली, जोडाक्षरं पण! कडोलीकरदादा लई उपकार झाले. पण दुसऱ्या फाईलला तेच टाकलो तर आता तिथं एरर आलाय जो आधी नव्हता, यूटीएफ-८ कोडेक कॅन्ट डीकोड, इनव्हॅलिड स्टार्ट बाइट. ते काढलो तर एरर नाही पण ए वर तिरकी रेघ, पौंडाचं चिन्ह, मधेच कॅपिटल पी असलं काय काय दिसतंय.

कडोलीकर
दुसरी फाईल?? दुसरी फाईल आहे हे आत्ता सांगतोस?

खानापूर_०५
कन्नड यादीची. तालुक्याला रजिस्टर कन्नडमध्ये द्यायचं असतंय आणि सभासदांना दुधाचं बिल मराठीत, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) किती, पंधरवड्याचे पैसे किती, सगळं त्यांना वाचता यायला पाहिजे. म्हणून दोन्ही याद्या जुळवूलालो. आमच्यात सगळीकडं असंच असतंय, म्हणून लिहिलो नाही.

निपाणी_अक्का
सेक्रेटरीकाका नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करतात का? वर्डमध्ये नुडीचा फॉन्ट लावला की नीट कन्नड दिसतं?

खानापूर_०५
व्हय अक्का. नुडीच. सगळ्या ऑफिसांत नुडीच आहे की, तुम्हाला कसं कळलं?

निपाणी_अक्का
मी १९ वर्षं डीटीपी केलंय निपाणीत, दिवसभर श्री-लिपी आणि नुडीच. बाळा, ही गोष्ट तुझ्या प्रश्नाचा जीव होती आणि तीच तू गाळलीस, कारण आपल्या भागात ती सगळ्यांना ठाऊक. परदेशातल्या माणसानं नुडी हा शब्दच ऐकलेला नसतो. ही फाईल कन्नड नाहीच, आत इंग्लिश आणि युरोपी अक्षरं आहेत, फॉन्ट फक्त त्यांना कन्नडचे कपडे घालतो. म्हणून एन्कोडिंग काहीही दिलंस तरी कन्नड येणार नाही. आधी युनिकोड करून घ्यायला पाहिजे. नुडीच्या नव्या आवृत्तीबरोबर जुन्याचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर येतो, काकांना विचार. सगळी यादी एकदम घालू नकोस, आधी दहा नावं घालून डोळ्यानं तपास.

कडोलीकर
आणि याद्या नावावर जुळवू नकोस, सभासद क्रमांकावर जुळव. एकच आडनाव मराठीत एक लिहितात आणि कन्नडमध्ये वेगळं.

येळ्ळूर_मास्तर
थोडं विषय सोडून, पण राहवत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्हींना १२८-१२८ जागा आहेत आणि रचना सारखी आहे, कारण दोन्ही आपल्याकडच्या इस्की या जुन्या अक्षर-कोडवरून घेतल्या. देवनागरी क २३२५ वर, कन्नड क ३२२१ वर. वजाबाकी ८९६. ख घ्या, ग घ्या, तेच ८९६. बहुतेक अक्षरांना हे चालतं. मी सातवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवलो तर मराठी आणि कन्नड दोन्हीकडची पोरं एकमेकांची नावं लिहीत बसली होती तास संपेपर्यंत.

चिकोडी_एक्स
मास्तर, सुंदर. पण खानापूर, तू हे नुडीच्या फाईलला लावू नकोस हां, ती युनिकोड झाल्यावरच. आणि तुझी पोस्ट काढली कशाला ते राहिलंच. तिसऱ्यांदा काय टाकला होतास?

खानापूर_०५
तेच, आणि त्याच्याबरोबर अख्खी फाईल टाकलो, कळावं म्हणून.

टिळकवाडी_जुना
अख्खी म्हणजे? त्यात काय काय रकाने आहेत?

खानापूर_०५
सभासद नंबर, नाव, मोबाईल, बँक खातं, लिटर.

टिळकवाडी_जुना
अरे बापरे. मग ज्यानं काढली त्यानं तुझ्यावर उपकार केलेत. गावातल्या लोकांची खाती आणि मोबाईल जगासमोर गेले होते. त्यानं कारण लिहायला पाहिजे होतं, ते त्याचं चुकलं, पण तुझ्यावर राग म्हणून काढली नव्हती. फाईल अजून कुठं टाकली असशील तर आत्ता काढ, आणि सेक्रेटरीकाकांना स्वतः जाऊन सांग.

खानापूर_०५
मला खरंच सुचलं नाही ओ काका. आमच्या आईचं खातं पण आहे त्यात. कॉलेजच्या एका ग्रुपात पण होती, आत्ता काढलो. काकांना सकाळी दूध घालायला जातो तेव्हा सांगतो.

निपाणी_अक्का
घाबरू नकोस, लवकर कळलं. इंग्लिश ग्रुपात परत जायचं असेल तर असं लिही, मी मराठीत सांगते, तू साध्या इंग्लिशमध्ये कर, चुकलं तर चालतं. विंडोज कुठलं, पायथॉन कितवा. नंतर फाईल नुडी नावाच्या जुन्या कन्नड फॉन्टात आहे, युनिकोड नाही. नंतर खोटी दोन नावं घालून केलेली दोन ओळींची फाईल. नंतर तुझा कोड, सगळा नाही, फाईल उघडतोस तेवढ्या पाच ओळी. काय यायला पाहिजे होतं, काय आलं. काय करून बघितलंस. शेवटी इंग्लिश माझी तिसरी भाषा आहे असं एक वाक्य लिही, त्यात लाज कसली.

शहापूर_गल्ली
हे मी कॉपी करून ठेवतो, माझ्या भाचीला पाहिजे होतं.

खानापूर_०५
काल रात्री अक्कांनी सांगितल्यासारखं लिहिलो. एकानं लगेच विचारलं की नुडीची कुठली आवृत्ती, चांगलं बोलला. काकांना पण सांगितलो, ते आधी गप्प बसले, मग म्हणाले यादी यापुढं पेनड्राईव्हवर घरी न्यायची नाही, इथंच बसून कर. कन्व्हर्टर पण त्यांच्या कॉम्प्युटरवरच होता. २१२ नावांतली १९८ बरोबर आली, १४ मध्ये अक्षरं इकडची तिकडं झालीत.

निपाणी_अक्का
त्या १४ नावांत रफार आहे का बघ. कन्नडमध्ये तो अक्षराच्या नंतर लिहितात, जुना फॉन्ट त्याच क्रमानं साठवतो, युनिकोडमध्ये र आधी यायला पाहिजे. कन्व्हर्टर तिथं चुकतात.

खानापूर_०५
१४ पैकी १३ मध्ये रफारच आहे अक्का. चौदावं काय आहे कळत नाही. नाव इथं टाकू का?

निपाणी_अक्का
नाव नको. नुसतं ते जोडाक्षर टाक.