दाजी म्हणतात पृथ्वी सपाट आहे. वाद कुठून सुरू करू?

वैतागलेला मेहुणा

नमस्कार मंडळी. आमचे दाजी शिकलेले, हिशेबाला चोख, व्यवहारात सहजी फसणारे नव्हेत. पण व्हिडिओ बघून बघून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की पृथ्वी सपाट आहे. उपग्रहाचे फोटो दाखवले की 'संगणकावर बनवलेत' म्हणून हात झटकतात. त्यांचे मुद्दे तीन. कितीही उंच जा, क्षितिज डोळ्यांच्या पातळीलाच राहतं. पाण्याला बाक नसतो. आणि 'बुडालेलं' जहाज कॅमेऱ्याने झूम केलं की पुन्हा दिसतं. विषय निघाला की ताई आम्हा दोघांनाही गप्प बसवते. नासाचं नाव न घेता, माणसाला स्वतः तपासता येईल असं काही सुचवा.

खगोलप्रेमी

चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली गोल पडते. ॲरिस्टॉटलने हेच सांगितलं होतं. विषय संपला.

वैतागलेला मेहुणा

सांगून झालं. 'ताटाची सावलीही गोलच पडते' म्हणाले.

निवृत्त दर्यावर्दी

आधी ताटाचा निकाल लावू. ताटाची सावली गोल पडते ती उजेड समोरून आला तर. चंद्र उगवतानाच ग्रहण लागलेलं असतं तेव्हा सूर्य मावळतीला टेकलेला असतो, म्हणजे उजेड ताटाच्या कडेवर पडायला हवा आणि सावलीची पट्टी दिसायला हवी. त्या वेळीही ती गोलच दिसते.

आता दाजींचे मुद्दे. माझी नोकरी मर्चंट नेव्हीत गेली, डेकवर, त्यामुळे क्षितिज हा आमच्या पोटापाण्याचा विषय. सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, सूर्याची उंची घेताना आपण सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकवतो आणि कोन वाचतो. तो कोन तसाच वापरला तर जहाज भलत्याच जागी दाखवलं जातं, कारण दिसणारं क्षितिज नजरेच्या पातळीच्या खाली असतं. किती खाली, ते डोळा पाण्यापासून किती उंच आहे त्यावर ठरतं. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या, १.७६ ने गुणा, उत्तर कलांमध्ये (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ब्रिज, म्हणजे जहाज जिथून चालवतात ती जागा, २५ मीटरवर असेल तर ८.८ कला. याला आम्ही 'डिप' म्हणतो आणि प्रत्येक वेधातून वजा करतो. जागा काढताना एका कलेची चूक म्हणजे एका समुद्री मैलाची चूक, म्हणजे डिप विसरलात तर जवळजवळ नऊ मैलांचा घोळ. क्षितिज डोळ्यांच्या पातळीला राहत असतं तर हा तक्ता छापायची कोणाला गरजच पडली नसती. आठ-नऊ कला नुसत्या डोळ्याला कळत नाहीत, म्हणून व्हिडिओत तो मुद्दा खपून जातो.

झूमचं म्हणाल तर तिथे हातचलाखी आहे. दोन मीटर उंचीवरच्या डोळ्याला क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर असतं. लहान होडी त्याच्या अलीकडेच डोळ्याला दिसेनाशी होते, कारण ती फार बारीक दिसते. ती झूमने परत येणारच, ती बुडालीच नव्हती! क्षितिजापलीकडच्या मोठ्या जहाजावर तोच कॅमेरा लावा. वरचे मजले मोठे दिसतील, पण बुडखा काही वर येणार नाही.

आणि मला सगळ्यात पटणारी गोष्ट रात्रीची. ४९ मीटर उंचीचा दीपस्तंभ, आपला डोळा २५ मीटरवर. वर्गमुळं ७ आणि ५, बेरीज १२, गुणिले २.०८, म्हणजे सुमारे २५ समुद्री मैलांवर दिवा दिसायला लागतो. त्याच्या आधी क्षितिजाखालून नुसती उजेडाची झळक फिरताना दिसते, दिवा नाही. मग दिवा एकदम वर येतो, चांगला ठसठशीत. त्या क्षणी ब्रिजच्या टोकाला उभं राहून गुडघे वाकवले की दिवा जातो, उभं राहिलं की परत येतो. त्या एका क्षणावरून आम्ही अंतर काढतो. दिवा नुसता 'दूर' असता तर गुडघे वाकवल्याने त्याला काय फरक पडला असता?

वैतागलेला मेहुणा

दाजींना वाचून दाखवलं. म्हणाले, हा सगळा अपवर्तनाचा, म्हणजे हवेत प्रकाश वाकण्याचा खेळ आहे, अडचण आली की तुम्ही लोक हवेवर ढकलता.

निवृत्त दर्यावर्दी

समुद्रावर हवा साधारणपणे प्रकाश खालच्या बाजूला वाकवते, म्हणजे क्षितिजापलीकडचं थोडं जास्तच दिसतं. हवा नसती तर त्या २.०८ च्या जागी १.९३ आलं असतं. थोडक्यात, अपवर्तनामुळे पृथ्वी आहे त्यापेक्षा सपाट भासते. ते दाजींच्याच बाजूने खेळतं आणि तरी ते हरतात.

यावरून पैजही लागलेली आहे. १८३८ मध्ये रोबॉथम नावाच्या सपाटवाद्याने इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या सरळ कालव्यात पाण्याच्या अगदी लगत डोळा ठेवला, सहा मैलांवरची होडी पाहिली आणि पृथ्वी सपाट ठरवली. पाण्यालगत अपवर्तनाचा गोंधळ सर्वांत जास्त असतो. १८७० मध्ये हॅम्पडन नावाच्या गृहस्थांनी ५०० पौंडांची पैज लावली. ती वॉलेसने घेतली, डार्विनच्या काळातला उत्क्रांतीवाला शास्त्रज्ञ वॉलेस. त्याने त्याच कालव्यावर तेरा फुटांच्या वर नजर उचलली आणि मध्यावर तेवढ्याच उंचीची खूण उभी केली. मधली खूण वर दिसली, म्हणजे पाण्याला बाक आहे. हॅम्पडन मानले नाहीत. उलट पुढे वर्षानुवर्षे वॉलेसची बदनामी करत राहिले आणि त्यापायी तुरुंगातही गेले. तेव्हा दाजी एका बैठकीत मानतील अशी आशा ठेवू नका.

पोथीवाचक

'आपल्या पूर्वजांना सपाटच माहीत होती' असं कोणी म्हणालं तर भास्कराचार्यांचा गोलाध्याय दाखवा, ११५० चा. ते विचारतात, पृथ्वी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य वर फिरत असेल, तर तो दूर गेल्यावर देवांना दिसतो तसा माणसांना का दिसत नाही? सपाटवाद्यांचं आजचं चित्र नेमकं तेच आहे, वर फिरणारा सूर्य.

निवृत्त दर्यावर्दी

वा, बिनतोड. आकडे घालून बघा. ते लोक सूर्य साधारण पाच हजार किलोमीटर उंच धरतात. तो १५ हजार किलोमीटर दूर गेला तरी क्षितिजाच्या १८ अंश वरच राहील. मावळायचा कधी? शिवाय दूर जाताना लहान व्हायला हवा. सेक्स्टंटने मापा, सूर्याची त्रिज्या दुपारी १६ कला, संध्याकाळीही १६ कलाच.

मेहुणेबुवा, यापुढे पुरावे देत बसू नका, मागायला लागा. दाजींकडे सपाट पृथ्वीचा नकाशा मागा, किलोमीटरची पट्टी छापलेला. त्यांच्या नेहमीच्या, उत्तर ध्रुव मध्यावर असलेल्या नकाशात सिडनी ते सँटियागो हे अंतर २५ हजार किलोमीटरच्या वर जातं. प्रत्यक्षात ते अकरा हजारांच्या थोडं वर आहे आणि विमान ते साधारण बारा-तेरा तासांत कापतं. ताशी दोन हजार किलोमीटरने जाणारं प्रवासी विमान कुठलं, एवढंच विचारा. उत्तर आलं तर इथे टाका, वाट बघतो.