ढाढस, धाडस की धीर?

सदरवाली: एका हिंदी पत्रकाचा मराठी अनुवाद करतेय, कॅन्सरच्या पेशंटजवळ महिनोन्‌महिने बसणाऱ्या घरच्यांसाठी. त्यात एक बाई म्हणते, 'खिड़की से अमलतास दिखता था, उसी से ढाढ़स बँधता था.' मी घाईघाईत 'धाडस' लिहून बसले. नवरा म्हणतो, 'बाई बहाव्यावर चढणार होती का?' 'दिलासा' फार गुळगुळीत झालाय. काय लिहू?

महालकर: 'धीर यायचा'. अडलं कुठे?

सदरवाली: धीर माणूस देतो हो. झाड तर नुसतं उभं असतं.

बर्डीचा बोका: आमची आजी वॉर्डात होती. मे महिना, नवतपा, पंखा गरम हवा फेकून राहिला होता. खिडकीबाहेर बहावा पिवळाधम्मक. आजी म्हणे, 'थे पाह्यलं का जिवाले हरिक येते.' हरिक लिहा.

महालकर: हरिक लग्नातला, नव्या लुगड्याचा. दुखण्यात कसला हरिक?

बर्डीचा बोका: तेच तं सांगून राहिलो!

शुद्धलेखक: 'दिलासा' टाळलात, उत्तम. दिल + आशा असा संकर आहे तो. आपला शब्द 'आश्वासन'.

पानगळ: आशेचा काही संबंध नाही. अख्खा शब्द फारसी. 'दिल' आणि त्याला आराम देणारा तो 'आसा'. आश्वासनाचं मूळ मात्र छान आहे, श्वास परत येणे. पण आज ते लिहिलं तर बहावा निवडणुकीला उभा आहे असं वाटेल. आणि 'उमेद'ही फारसीच. सरकारने ग्रामीण बचत गटांच्या अभियानाला तेच नाव दिलं, कुणी हरकत घेतली का?

शुद्धलेखक: माधव जूलियनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश केला, तेसुद्धा पुढे भाषाशुद्धीकडे वळले. का, याचा विचार करा.

पानगळ: आणि गझला? असो. हरिक मात्र तुमच्याच हर्षातून आलाय. जुन्या मराठीत हरिख. वर्षाचं बरखा होतं तसं. शुद्धच आहे की!

शुद्धलेखक: तद्भव आहे. छापील मजकुरात शोभत नाही.

सदरवाली: मी तूर्त 'त्या बहाव्याकडे पाहून दिवस निघायचा' असं केलंय.

शुद्धलेखक: ही हिंदीची छाया. मराठीत दिवस जातो.

बर्डीचा बोका: आमच्याकडे दिवस निघणे म्हणजे सूर्य उगवणे! दोन्ही अर्थ बसते ना भाऊ.

शुद्धलेखक: दोन अर्थ निघणं हा अनुवादात दोष मानतात.