रात्रशाळेतल्या निबंधांचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परळच्या एका रात्रशाळेत दहावीला मराठी शिकवते. मुलं दिवसभर कामावर. संध्याकाळी वर्गात येतात तेव्हा निम्म्यांचे डोळे मिटत असतात.

बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला (पत्र, निबंध वगैरे) २४ गुण. म्हणून सरावाला 'माझा आजचा दिवस' दिला. बहुतेक वह्यांत एकच सुरुवात: 'सूर्याची कोवळी किरणे खिडकीतून डोकावली.' अहो, यांच्या खोल्यांच्या खिडक्या बोळात उघडतात! चॅटजीपीटीला विचारून उतरवलेलं. पूर्वी गाईडातून उतरवायचे, पण तेव्हा निदान चुका तरी त्यांच्या स्वतःच्या असायच्या.

एकाने मात्र चारच वाक्यं लिहिली: 'आज कांदा कापला. दहा किलो. शेठ बोलला पगार सोमवारी. डोळ्यातून पानी आलं ते कांद्याचं.' लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. 'पानी' खोडायचं का? बोर्डाचा परीक्षक तर खोडणारच.

पस्तीस मिनिटांच्या तासात, मोबाईल बाजूला ठेवून, मुलं स्वतःचं काहीतरी लिहितील असा सराव कुणी घेतलाय का? आणि गुण कसे देता? शुद्धलेखन वेगळं तपासता की एकत्रच? रात्रशाळेत शिकवणारं कुणी असेल तर आधी तुम्ही सांगा, दिवसाच्या शाळेचे उपाय आमच्याकडे टिकत नाहीत.

(मी स्वतः गेल्या वर्षभरात काय लिहिलं ते आठवून पाहिलं. शेरे. 'छान', 'अक्षर सुधार'. बास.)

त्या मुलाची वही अजून माझ्या पर्समध्येच आहे. शुक्रवारी परत द्यायची आहे.